पाचपैकी किती

संपादकांना सहाशे शब्द हवेत
आणि खाली तारे. पाचपैकी किती, तेवढंच लोक वाचतात.
म्हणून मी अल्माटीहून रात्रभर रेल्वेनं,
मग उलिताऊच्या पुढे तुर्सिनबेकच्या दुधाच्या गाडीतून
इथवर आले.
इव्हार ल्यून्स्टेडच्या नव्या सिनेमातला निर्मनुष्य ग्रह
म्हणजे ह्या माणसांचं कुरण आहे.

क्लबात चादर ताणलेली, मधोमध शिवण.
यान उतरताना शिवणीशी जरासं अडखळलं.
पहिली वीस मिनिटं एक शब्द नाही,
नुसता शिरस्त्राणातला श्वास, आणि क्षितिज.
मी वहीत लिहिलं : उस्ताद माणूस.
खाली लिहिलं : शून्यातून जग उभं केलं.

मग नायक बोलायला लागला, आणि घात झाला.
मेलेल्या मुलीची गोष्ट ठिगळासारखी लावलेली,
वादळ तीनदा येतं, तीनदा त्याच सनया-तुताऱ्या.
"इथे कुणाचंच पाऊल पडलेलं नाही," तो म्हणाला
आणि पुढच्या रांगेतून एरासिल ओरडला, "त्या बघा लेंड्या!"
खरंच की. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात
मेंढ्यांच्या लेंड्या, ओळीनं, ताज्या.
हशा ओसरायला एक अख्खं वादळ गेलं.

दामेली म्हणाली, चाळीस दिवसांचा उपाशी असा घास घेत नाही.
ह्याला मी माझ्या हातानं वाढलंय.
घोड्याचं मांस, दोन थाळ्या, वर बोटं चाटत तिसरी.
म्हातारा ओराझ म्हणाला, वारा उलटा आहे.
सावली संध्याकाळची आणि धूळ पूर्वेकडून?
मी म्हटलं, आजोबा, तो दुसरा ग्रह आहे.
"मग सूर्य का आमचा घेतला?"
मी हेही टिपून ठेवलं. आमच्या शहरी मंडळींपैकी
सावल्या कुणी बघत नाही.

शेवटच्या दृश्यात नायक यानाचं दार उघडतो.
करपलेला, ठोकून सरळ केलेला पत्रा.
संगीत थांबतं. अकरा सेकंद फक्त दार.
मला ते फार आवडलं. सबंध सिनेमात तेवढंच
कुणी मुद्दाम घडवलेलं वाटत नव्हतं.
ओराझ उभा राहिला. चादरीवर त्याच्या टोपीची सावली.
"माझं आहे ते," म्हणाला. "मेंढवाड्याचं."

चहावर बाकीचं कळलं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी
अग्निबाणाचा एक टप्पा इथे कोसळला.
कोसळणार आहे हे कुणी कळवलं नव्हतं.
त्या वसंतात सात घोड्यांचे गाभ गेले.
ओराझनं पत्रा कापला, दार केलं.
ल्यून्स्टेडसाहेब त्या दारापुढे तासभर उभे होते म्हणे,
डोळ्यांत पाणी आणून.
आठ दिवसांच्या बोलीनं नेलं. तीन हिवाळे झाले.

रात्री कंदिलाशी लिहायला बसते.
छायांकन अप्रतिम. पटकथा लंगडी.
कलादिग्दर्शन : इथे पेन अडतं.
ओराझला विचारते, तुम्ही किती द्याल, पाचपैकी?
तारे देणं म्हणजे काय, हे तो नीट समजून घेतो.
मग विचारतो, "तो वाचेल हे?"
वाचेल बहुधा. वाचणारा आहे.
"मग दाराचं लिही. उंची एक मीटर सत्तर.
आणि वरची बिजागरी सैल आहे, आणताना जपून."

मी 'शून्यातून' खोडते. त्या जागी काही सुचत नाही.
बाहेर मेंढवाड्याच्या तोंडाशी नमद्याचा पडदा,
खाली दोन दगड ठेवलेले,
तरी आत फुगतो,
पश्चिमेकडून.